कूलरवाल्या प्रेमिलाबाईंची पांढरी कॅन

यंदाच्या एप्रिलमध्ये आमच्या नागपूरच्या मनीषनगरातल्या बिल्डिंगीत एक बातमी तिसऱ्या मजल्यावरून निघाली आणि लिफ्ट बंद असूनही दोन मिनिटांत वॉचमनपर्यंत पोहोचली. कूलरवाली प्रेमिलाबाई मोहाची दारू पिते. नुसती पीत नाही, सोबत घेऊन फिरते.

बातमीचे मालक होते सोसायटीचे सेक्रेटरी ताराचंदजी. ते आधी घसा खाकरतात, मग पँट वर ओढतात आणि मग सुरू होतात. "देखो भाई, मी कोणाची बुराई नाई करत. पण पाहिलं थे पाहिलं. पांढरी कॅन, वरून ओलं पोतं. ओलं पोतं काहून गुंडाळते माणूस? थंड राहाले. आता कॅनमध्ये थंड काय ठेवते, थे तुमी समजून घ्या. तोंड पाहा तिचं, टमाट्यावानी लाल! मागच्या मे महिन्यात बी-विंगच्या गॅलरीत उभ्या-उभ्या आडवी झाली का नाई? झाली ना? मंग?"

यातली कॅन खरी. पोतं खरं, लाल तोंड खरं, आडवं होणंही खरं. दारू तेवढी खोटी. ती कॅन कशासाठी होती, हे ताराचंदजींना पुढे ती स्वतःच्या मांडीवर घेऊन बसावं लागल्यावर कळलं.

प्रेमिलाबाई अठ्ठेचाळीस वर्षांच्या. आम्ही सगळी पोरं त्यांना मावशी म्हणतो. फेब्रुवारी संपत आला की त्यांची सायकल फाटकात दिसते. मागच्या कॅरियरवर खसचा एवढा मोठा भारा, की समोरून पाहिलं तर खसच सायकल चालवत येते आहे असं वाटावं. कूलरची जुनी, काळी पडलेली, कुजकट ताटी जाळीतून उपसून काढायची, टाकी घासायची, नवी खस पसरायची आणि लांब दाभणानं सुतळी ओवून जाळीला शिवून टाकायची. बाकीचे कूलरवाले खस नुसती कोंबतात. जून येईपर्यंत ती खाली बसते आणि वरून गरम वारा येतो. मावशींची ताटी पाऊस लागेपर्यंत जागची हलत नाही.

हे त्या आपल्या बापाकडून शिकल्या. कवडूबुवा साहेबलोकांच्या बंगल्यांच्या दारांना खसच्या ताट्या बांधायचे आणि दुपारभर त्यांच्यावर पाणी मारायचे. घरोघरी कूलर आले तेव्हा ताट्या दारावरून कूलरात गेल्या, आणि ताट्यांमागे मावशी. आता दोनशेच्या वर घरं त्यांची ठरलेली. कुठल्या घरचा पंप कुरकुरतो आणि कुठल्या घरची सून टाकी घासत नाही, हे त्यांना तोंडपाठ.

त्यांना पहिला झटका आला तो मागच्या उन्हाळ्याच्या आदल्या वर्षी. काम करता-करता तळहात खाजायला लागले, मग तोंड तापलं, पोटात कळ आली आणि डोळ्यांपुढे अंधार. मागच्या उन्हाळ्यात तसंच दोनदा झालं. तिसऱ्या वेळी बी-विंगच्या गॅलरीत त्या पडल्या तेव्हा एका आजींनी लिंबू-कुंकू मागवलं. बाईच्या अंगात आलं म्हणाल्या. मावशींचा धाकटा भाऊ धम्मानंद धावत आला होता. तो शाळेत क्लार्क आहे आणि नोटीस वाचून दाखवावी तसा बोलतो. म्हणाला, "आजी, लिंबू परत फ्रिजमध्ये ठेवा. आमच्या घरात कोणाच्या अंगात कोणी येत नाही. छप्पन सालापासून बंद आहे थे."

पण देवी नाही तर काय, याचं उत्तर धम्मानंदकडे तयार होतं. खस. धूळ उडते, नाकात जाते, ॲलर्जी होते. आमच्या आईचंही तेच मत, कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरचंही तेच, माझंही तेच. तिन्ही वेळा मावशींच्या हातात खस होती. आणखी काय पुरावा पाहिजे? धम्मानंदनं सदर भागात एका मित्राच्या स्टेशनरीच्या दुकानात बोलूनही ठेवलं. पुढच्या वर्षी जूनपासून ताईनं तिथं काउंटरवर बसायचं, फाइली आणि गोंद विकायचा.

"गोंद?" मावशी म्हणाल्या.

"सावलीत बसून राहायचं ताई. पंखा आहे."

"पंखा!" कूलरवालीला कोणी पंखा दाखवावा, याचाच त्यांना जास्त राग आला. पण त्या रात्री त्यांनी बापाचं दाभण काढून उगीच पुसलं. मनात एकच चाललं होतं. खस सुटली तर आपल्या हाताला येतं तरी काय?

यंदा मार्चमध्ये पुन्हा झालं, आणि या वेळी धम्मानंद त्यांना सदरच्या एका डॉक्टरकडे घेऊन गेला. फॉर्म इंग्रजीत असतील म्हणून मलाही सोबत नेलं. डॉक्टर नंदिनी वयानं लहान, बोलायला सावकाश. मधेमधे थांबून "कळलं ना?" विचारायच्या आणि उत्तर मिळेपर्यंत पुढं जायच्या नाहीत.

"तुमच्या अंगात सगळीकडे मास्ट सेल नावाच्या पेशी पेरलेल्या आहेत. काही घातक आत आलं की त्या आपल्याजवळचा माल बाहेर सोडतात. तो थोडा सुटला तर खाज, एकदम सुटला तर बीपी खाली आणि माणूस खाली. तुमच्या पेशी विनाकारण किंवा छोट्याशा कारणानं माल सोडत असाव्यात, असा मला संशय आहे. कळलं ना?"

मावशींनी विचार केला. "म्हणजे कूलर चांगला आहे, बटन हलकं झालं आहे. वाऱ्यानंही दबते."

डॉक्टर हसल्या. "अगदी तसंच. आता आपल्याला दोन गोष्टी शोधायच्या. बटण खरंच हलकं आहे का, आणि ते दाबतं कोण."

"खस," धम्मानंद म्हणाला.

"असेल, नसेलही. खसची तयार चाचणी मला मिळत नाही, त्यामुळे अंदाज सांगणार नाही. तो सुटलेला माल रक्तात थोडा वेळच टिकतो, पण त्याचा उरलेला अंश लघवीतून बाहेर पडतो. तो मोजता येतो. एका साध्या दिवसाची चोवीस तासांची लघवी लागेल. आणि पुन्हा झटका आलाच, तर त्यानंतर काही तासांच्या आतली. दोन्हींची तुलना करू. झटका मुद्दाम आणायचा नाही. कळलं ना?"

मग नियम सांगितले. सकाळची पहिली संडासात सोडायची. त्यानंतर दिवसरात्रीतली प्रत्येक, थेंब न सांडता, कॅनमध्ये. दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली धरून कॅन बंद. पूर्ण वेळ थंड जागी. आणि पहिली कॅन जमा होईपर्यंत दुखण्याची गोळी घ्यायची नाही, नाहीतर मोजमाप बिघडतं.

सोबत ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शनही दिलं. झटका आला की मांडीत, वाट न पाहता. सराव म्हणून संत्र्याला टोचायला सांगितलं. घरी धम्मानंदनं मृग बहाराचं एक संत्रं पुढं घेतलं, डोळे मिटले आणि सुई अशी खुपसली की रस उडून थेट त्याच्याच डोळ्यात. मावशींनी सुई त्याच्या हातातून घेतली. तीस वर्षं दाभण चालवलेला हात. संत्र्याला कळलंसुद्धा नसेल.

आता चूक सांगते. ही चूक नागपुरातच होऊ शकते, आणि नागपुरातही कूलरवालीच्याच घरी.

'थंड जागी' म्हणजे फ्रिज, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण फ्रिज शेजारी धम्मानंदच्या घरी, त्यात दूध, दही, भिजवलेली मटकी. भावजयीच्या फ्रिजमध्ये आपली ही कॅन ठेवायची? मावशींना लाज वाटली. आणि पाच भिंतींपलीकडच्या फ्रिजपेक्षा स्वतःच्या हातानं भरलेल्या कूलरवर त्यांचा जास्त विश्वास. चाळीस अंशांतही त्यांच्या कूलरच्या टाकीतलं पाणी हात ठणकवतं. त्यांनी कॅन टाकीत ठेवली.

अर्धी भरलेली कॅन पाण्यात तरंगते. दुपारी ती कलंडली. झाकण नीट बसलं नव्हतं. टाकीतलं पाणी कॅनमध्ये आलं आणि कॅनमधलं थोडं टाकीत गेलं. टाकीतून पंपात, पंपातून ताटीवर, ताटीवरून वाऱ्यात. त्या वाऱ्यासमोर शाळेतून आलेला धम्मानंद बनियनवर पसरला होता. दीर्घ श्वास घेऊन म्हणाला, "ताई, यंदाची खस लय अस्सल आणली तू. काय घमघमाट येऊन राहिला!"

मावशींनी दुसऱ्या दिवशी कॅन जमा केली. काय झालंय हे त्यांना तेव्हा कळलं नव्हतं. उलट कॅन भरपूर भरली म्हणून त्या खूश होत्या. आठ दिवसांनी लॅबमधून फोन आला. स्पीकर चालू होता.

"मॅडम, तुमचं सॅम्पल रिजेक्ट झालंय. लघवीत पाणी आहे."

"लघवीत पाणीच असते ना वं बाई!"

"नाही मॅडम, म्हणजे… बाहेरचं पाणी. खूपच पातळ आहे. तुम्ही त्यात काही मिसळलं का?"

मावशी म्हणाल्या, "मी काहून मिसळीन? दूध आहे का थे?" मग त्यांची नजर कूलरकडे गेली. तिथून धम्मानंदकडे. धम्मानंदची नजर कूलरकडे गेली. त्यानंतर त्यानं दोनदा आंघोळ केली.

हसून-हसून माझं पोट दुखलं, पण मावशी हसल्या नाहीत. आठ दिवस गेले होते, जून जवळ येत होता. धम्मानंद म्हणाला, "ताई, राहू दे आता. खसच आहे, सगळ्यायले माहीत आहे."

मीही म्हणाले, "खसच आहे मावशी. शर्त लावता?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "लाव. खस निघाली, तर माह्या बापाचं दाभण तुले. नाई निघाली, तर उन्हाळा संपेपर्यंत तुमच्या कूलरात पाणी तू भरशीन. दोन्ही टाइम. पाइप लावायचा नाई, बादलीनं."

दाभण म्हटल्यावर मला जरा कसंतरी झालं. शिवाय आमची टाकी ऐंशी लिटरची. पण मला खात्री होती. मी हात पुढे केला.

दुसऱ्या वेळी त्यांनी कसलीच जोखीम घेतली नाही. मला बोलावलं आणि म्हणाल्या, "डॉक्टरीण बाई करून दाखव. पूर्ण." मी डॉक्टरांच्या आवाजात सगळे नियम म्हटले, "कळलं ना?"सकट, आणि त्यांनी प्रत्येक "कळलं ना?"ला "हाव" म्हटलं. सीताबर्डीवरून थर्माकोलचा डबा आणला, त्यात बर्फ भरला, झाकणाला सुतळी बांधली. या वेळी कॅन स्वीकारली गेली.

त्यानंतर झटक्याची वाट पाहणं सुरू झालं. मुद्दाम आणायचा नव्हता, पण आला तर हुकायला नको होता. म्हणून दुसरी, रिकामी कॅन त्या रोज कामावर नेऊ लागल्या. सोबत बर्फाची बाटली, वरून ओलं पोतं. आणि ताराचंदजींनी ते पाहिलं.

बातमी मावशींच्या कानावर गेली. चार घरांनी "यंदा राहू द्या, पुढच्या वर्षी पाहू" म्हटलं. सांगायचं तरी काय? दारू नाही हो, मुताची कॅन आहे? त्यांनी कुणालाच काही सांगितलं नाही. मात्र रोज संध्याकाळी त्या माझ्याकडे बघून बोटं मोजायच्या.

"आज शर्तीचा अठरावा दिवस. अठरा दिवस खसमध्ये कोपरापर्यंत हात घालून राहिली मी. काई झालं का?"

"होईल," मी म्हणायचे.

"दोन बादल्या आणून ठेव," त्या म्हणायच्या.

एकविसाव्या दिवशी ताराचंदजींच्याच घरचं काम होतं. गुपचूप बोलावलं होतं त्यांनी. बदनामी आपल्या जागी, पण कूलर गरम वारा फेकत होता आणि मावशींच्या हाताला तोड नव्हती. पंचेचाळीस अंश. मावशींनी जुना पत्र्याचा कूलर एकटीनं सरकवला आणि कंबर धरून बसल्या.

"क्या हुआ बाई? कंबर? ये लो, माझीवाली गोळी. दहा मिनटात आराम."

महिनाभर मावशींनी दुखण्याची गोळी घेतली नव्हती. आता पहिली कॅन जमा झाली होती, बंदी संपली होती. घेतली.

पंचवीस मिनिटांनी तळहात खाजले. मावशींनी हातातली खस खाली ठेवली. तोंड तापलं. पोटात कळ. ताराचंदजी सांगतात (घसा खाकरून, पँट वर ओढून), "मले वाटलं, चढली. बाईनं पिशवीतून चष्म्याचा डबा काढला, डब्यातून सुई काढली आन् लुगड्यावरूनच मांडीत खच्चकन! मी तर भिंतीलेच टेकलो बावा."

मावशी जमिनीवर आडव्या झाल्या, पाय खुर्चीवर ठेवले आणि म्हणाल्या, "ऑटो." ताराचंदजी धावले. ऑटोवाला आणि ते मिळून त्यांना उचलत असताना त्या पुन्हा म्हणाल्या, "माझी कॅन."

"अरे बाई, अशा टाइमालेही कॅन?"

"कॅन घे गा! तिच्यासाठीच तर जगून राहिली मी!"

हॉस्पिटलात सलाइन लागलं, बीपी वर आलं. थोड्या वेळानं नर्सनं पडद्यामागून भरलेली कॅन आणली आणि बाहेर जो पहिला माणूस दिसला त्याच्या हातात दिली. "तुम्ही पेशंटसोबत ना? धरा. बर्फात ठेवा. हलवू नका, झाकण काढू नका."

"सिस्टर… यात काय आहे?"

"युरिन."

धम्मानंद शाळेतून पोहोचेपर्यंत पाऊण तास लागला. तोवर सोसायटीचे सेक्रेटरी बाकावर ताठ बसून होते, मांडीवर ओलं पोतं, पोत्यात कॅन. कोणी ओळखीचं दिसलं की दुसरीकडे बघायचे. त्या संध्याकाळी मात्र ते स्वतः चार घरी गेले. तिथं काय बोलले ते मला माहीत नाही, पण दुसऱ्या दिवशी चारही घरांचे फोन मावशींना आले.

रिपोर्ट यायला सोळा दिवस लागले. तेवढे दिवस धम्मानंदनं त्यांना खसला हात लावू दिला नाही. त्या नुसत्या दारात बसून सुतळीचे गुंडे करत राहिल्या. गरजेपेक्षा कितीतरी जास्त.

सदरला आम्ही तिघं गेलो. डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले.

"साध्या दिवशीचे आकडेही थोडे वर आहेत. लघवीत आपण तीन पदार्थ मोजले, त्यांतले दोन झटक्यानंतर खूप वाढलेत. म्हणजे पेशींचा संशय बरोबर होता. आणखी काही तपासण्या करू, रोजच्या गोळ्या सुरू करू. कळलं ना?"

"हाव. पण बटन कोण दाबते?"

"ते हे कागद सांगत नाहीत. ते तुम्ही सांगायचं. झटका आला त्या दिवशी काय-काय झालं?"

मावशींनी सांगितलं. ऊन, कूलर, कंबर, गोळी. गोळी म्हटल्यावर डॉक्टरांचं पेन थांबलं.

"आधीच्या झटक्यांच्या दिवशी? कंबर दुखत होती?"

"मोठा कूलर उचलला का दुखतेच."

"मग गोळी?"

मावशींनी बोटं मोजायला घेतली. त्या मागचे सगळे दिवस एकेक करून आठवत होत्या. गॅलरी. त्याआधीचं घर. मार्चमधला तो जिना. प्रत्येक ठिकाणी खस होती, हे सगळ्यांनीच पाहिलं होतं. मळकट रुमालाच्या गाठीतली गोळी कोणी पाहिली नव्हती.

"आणि गोळी बंद होती तेव्हा?"

"एकवीस दिवस," मी म्हणून गेले. "कोपरापर्यंत हात घालून."

धम्मानंदनं चष्मा काढून पुसला. डॉक्टर म्हणाल्या, "या जातीच्या गोळ्या आता तुमच्यासाठी कायमच्या बंद. कंबरेसाठी दुसरं औषध देते. भर उन्हात काम नाही, जड उचलायला माणूस घ्यायचा, इंजेक्शन कायम जवळ. खसवर मला आज तरी शंका घ्यावीशी वाटत नाही. काम करा, लक्ष ठेवू."

मावशींनी रिपोर्टची घडी घातली आणि धम्मानंदकडे पाहिलं. "तुह्या मित्राले सांग, गोंद विकाले दुसरा कोणी पाह्य."

"सांगतो ताई." मग, नोटिशीच्या आवाजात नाही, "जड कूलर मी उचलत जाईन. शाळेला सुट्ट्याच आहेत."

बाहेर पडल्यावर त्या माझ्याकडे वळल्या. मी रस्त्यापलीकडचं काहीतरी निरखून बघत होते.

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, लागायला तीन दिवस होते. दुसऱ्याच सकाळी सात वाजता फाटकात खस सायकल चालवत आली, मागून धम्मानंद पायी. आमची ताटी त्यांनी तासाभरात शिवली. दाभण आत-बाहेर, आत-बाहेर, शेवटी सुतळीला गाठ. मग गॅलरीतली खुर्ची ओढून बसल्या.

मी बाथरूममधून बादली आणली. दुसरी आणली. चौथीला माझे हात लांब झाल्यासारखे वाटायला लागले. पाचवी ओतताना त्यांनी टाकीला बोटानं टकटक केलं, कान दिला, आणि डॉक्टर नंदिनींच्या आवाजात, माझ्यापेक्षाही हुबेहूब, म्हणाल्या,

"अर्धीच आहे. थेंब न सांडता. कळलं ना?"

"हाव," मी म्हटलं आणि सहावी आणायला गेले.